बिल कुणाच्या नावावर?

"गॅस कंपनीने पुन्हा कोर्टात धाव घेतली ते उत्तम केलं," थर्मासचं झाकण फिरवता फिरवता शेठ म्हणाला, आणि त्या शुक्रवारचा विषय ठरला.

आमचा कट्टा म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनच्या मॅक्स (इथली लोकल ट्रेन) स्टेशनाबाहेरची झाडांभोवतीची सिमेंटची भिंत. गुडघाभर उंच, बसायला गार. पाऊस असेल तर शेडखाली सरकायचं, म्हणजे ओरेगनमध्ये निम्मं वर्ष शेडखालीच. मंडळी ठरलेली. शेठ हे अर्थातच खरं नाव नव्हे. दोन घरं भाड्याने दिलीत म्हणून शेठ. वकीलही वकील नाही, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करतो. पण अटी-शर्तींचं पान शेवटपर्यंत वाचणारा माझ्या ओळखीतला तो एकटाच. ताई इस्पितळात नर्स. आणि या खेपेला नवी भरती म्हणजे अण्णा, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, वीजवितरणात तीस वर्षं घासून निवृत्त झालेले.

"कसली केस?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या पिढीला 'कोर्ट' म्हटलं की कान टवकारायची सवय आहे.

वकिलाने सांगितलं. ओरेगनचा क्लायमेट प्रोटेक्शन प्रोग्रॅम. पेट्रोल, डिझेल, प्रोपेन विकणारे मोठे पुरवठादार आणि पाइपने गॅस देणाऱ्या कंपन्या यांच्यावर कार्बनची मर्यादा. २०१७ ते २०१९ या वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत २०३५ पर्यंत निम्मं आणि २०५० पर्यंत ९० टक्के कमी. नॉर्थवेस्ट नॅचरल, अविस्टा आणि कॅस्केड या तिन्ही गॅस कंपन्यांनी २०२२ मध्ये त्याला आव्हान दिलं. तेलवाल्यांची संघटनाही होती. २० डिसेंबर २०२३ ला अपील कोर्टाने तो सगळा कार्यक्रमच रद्दबातल ठरवला. सरकारने वर्षभर खपून नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा मंजूर करून घेतला, १ जानेवारी २०२५ पासून लागू केला, आणि त्यालाही लगेच आव्हान.

"म्हणजे नाटक तेच, प्रयोग दुसरा," अण्णा म्हणाले.

"आणि होणारच," शेठ म्हणाला. "जे विधानसभेत जमलं नाही ते मागच्या दाराने आणलंय. लोकांनी निवडून दिलेल्यांनी कायदा केला असता तर मी गप्प बसलो असतो."

इथे ताईचा आवाज चढला. "विधानसभेत जमलं नाही? का जमलं नाही ते सांग ना अण्णांना!"

हा किस्सा इथे राहणाऱ्यांना पाठ आहे, पण अण्णांना नवा होता, त्यामुळे तो साग्रसंगीत झाला. २०१९ मध्ये कार्बनच्या मर्यादेचं विधेयक सिनेटमध्ये आलं. ३० जणांचं सिनेट. ओरेगनच्या घटनेप्रमाणे गणसंख्येला दोनतृतीयांश, म्हणजे २० लागतात. डेमोक्रॅट होते १८. बहुमत होतं, गणसंख्या नव्हती. तेव्हा ११ रिपब्लिकन सिनेटर सरळ उठून राज्याबाहेर गेले, काही शेजारच्या आयडाहोत. गव्हर्नर केट ब्राऊन यांनी त्यांना शोधून आणायला राज्याचे पोलीस लावले. पण राज्याची हद्द ओलांडली की ते पोलीस काय करणार? विधेयक मेलं. २०२० मध्ये पुन्हा विधेयक, पुन्हा पळ. त्याच मार्चमध्ये १० तारखेला ब्राऊनबाईंनी कार्यकारी आदेश काढला आणि खात्यांना सांगितलं की तुमच्या हातात जे अधिकार आहेत त्यात काय बसतं ते करा. त्यातून आले हे नियम.

अण्णा एवढे हसले की शेजारून जाणारी कुत्र्यावाली बाई थांबून बघायला लागली. "अरे, आमच्याकडे आमदार पळवून नेतात, रिसॉर्टवर ठेवतात. इथे स्वतःच पळतात? खर्च तरी वाचतो."

"आता नाही पळत," वकील म्हणाला. "२०२२ मध्ये लोकांनीच मतदान करून घटनादुरुस्ती केली. विनापरवानगी दहा दिवस गैरहजर राहिलात तर पुढची निवडणूक लढवायची नाही. ओरेगनच्या सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली."

"ते ठीक," शेठ म्हणाला. "पण पळणारे चुकले म्हणून आदेश काढणारे बरोबर ठरत नाहीत. नदीपलीकडे बघा."

हा मुद्दा त्याचा बिनतोड होता, आणि ताईलाही तो मान्य करावा लागला. कोलंबिया नदी ओलांडली की वॉशिंग्टन राज्य. त्यांनी २०२१ मध्ये रीतसर कायदा केला, २०२३ पासून कार्बनच्या परवान्यांचे लिलाव सुरू केले. ओरडा झाला, पेट्रोल महागलं म्हणून शिव्याशाप झाले, आणि कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ च्या निवडणुकीत मतपत्रिकेवर आला. सुमारे ६२ टक्के लोकांनी तो फेटाळला. त्यानंतर त्या कायद्याकडे बोट दाखवून 'हा कुणी लादला' असं विचारायची सोय राहिली नाही. ओरेगनच्या नियमांना ते बळ नाही. मला स्वतःला वाटतं की पळपुट्यांनी ओरेगनचं नुकसान केलं ते इथे: नियम अडले नाहीत, पण त्यांची मुळंच उथळ राहिली.

"बरं, कोर्टाने पहिल्यांदा रद्द का केला?" अण्णांनी विचारलं. "अधिकारच नाही म्हणून?"

"नाही ना! तीच तर गंमत," वकील म्हणाला आणि भिंतीवरून उतरून उभा राहिला. त्याला उभं राहिल्याशिवाय कलमं सांगता येत नाहीत. "कंपन्यांनी बरेच मुद्दे मांडले होते. मोठा मुद्दा असा, की गॅस आम्ही जाळत नाही, गिऱ्हाईक जाळतं. आमच्या पाइपातून धूर निघत नाही. मग पर्यावरण आयोगाला आमच्यावर मर्यादा घालायचा अधिकार आला कुठून? कोर्टाने त्याला हातच लावला नाही. कोर्ट म्हणालं, आधी नोटीस बघू. केंद्राच्या क्लीन एअर अॅक्टखाली टायटल व्ही नावाचा परवाना असतो, मोठ्या प्रदूषण करणाऱ्यांसाठी. असा परवाना असलेल्यांवर राज्याला केंद्रापेक्षा जास्तीची बंधनं घालायची असतील, तर ओरेगनचाच एक कायदा सांगतो की तसं लेखी जाहीर करा. केंद्रापेक्षा जास्त का मागताय ते सांगा. दुसरे कोणते पर्याय बघितले आणि ते का सोडले ते सांगा. राज्याच्या पर्यावरण खात्याने हे नीट केलं नव्हतं. संपलं. अख्खा कार्यक्रम गेला."

ताई चिडली. "म्हणजे दोन पानं जोडली नाहीत म्हणून दोन वर्षांचं काम पाण्यात. ह्याला न्याय म्हणायचं? जून २०२१ ला मी ड्यूटीवर होते. २८ तारखेला पोर्टलंडमध्ये पारा ४६.७ वर गेला होता. अण्णा, ही आपली मॅक्स उभी आहे ना, ती बंद ठेवावी लागली होती, गाव असं तापलं होतं. म्हातारी माणसं एकेकटी घरात. आम्ही बर्फाच्या पिशव्या काखेत, जांघेत ठेवत होतो. त्या माणसांना सांगा, नोटीस नीट नव्हती."

कुणी काही बोललं नाही. ताई क्वचित कामाबद्दल बोलते.

मग अण्णाच म्हणाले, "बेटा, तुझं दुःख खरं आहे. पण नोटिशीला हसू नको. मी दरवाढीच्या सुनावण्यांत उभा राहिलेला माणूस आहे. एकदा आमच्याकडून प्रस्तावाला एक परिशिष्ट जोडायचं राहिलं. तक्ता होता, कुणीही वाचला नसता असं आम्हाला वाटलं. एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, नुकसानीचा आकडा कशावरून काढला ते दाखवा, नाहीतर आम्ही हरकत कशाला घेणार? आम्हाला परत जावं लागलं. तेव्हा मीही चरफडलो होतो. पण तक्ता बनवताना कळलं की आकडाच चुकला होता."

"ऐक!" शेठ म्हणाला.

"तू पण ऐक," अण्णा त्याच्याकडे वळले. "त्या शिक्षकाला आकडा हवा होता. ह्या कंपनीला आकडा हवा होता की वेळ?"

खात्याने अपील केलं नाही, नव्याने प्रक्रिया केली, म्हणजे एका अर्थी वर्षभराचा अभ्यास पुन्हा झाला. नवे नियम जुन्यांची कार्बन कॉपीही नाहीत. मोठ्या कारखान्यांसाठीची रचना त्यांनी बदलली. त्यामुळे 'निव्वळ वेळकाढूपणा' हा अण्णांच्या प्रश्नाचा रोख मला पूर्ण पटत नाही. पण त्या वर्षभरात कुणावरच मर्यादा नव्हती, हेही खरंच.

"मला एक सांगा," शेठ मूळ मुद्द्यावर आला, "गॅस जाळतो गिऱ्हाईक आणि दंड कंपनीला, ह्यात काय तर्क आहे? माझं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून दूधवाल्याला दंड करणार?"

"दूधवाला नाही, सिगारेटवाला," ताई म्हणाली.

"सिगारेट कुणी घर गरम करायला ओढत नाही."

ह्यावर बराच वेळ दूध, सिगारेट, दारू असं गाडं फिरलं. ते सगळं लिहीत नाही. वकिलाने एवढं मात्र बरोबर सांगितलं की आठ लाख मीटरांच्या दारात जाऊन मर्यादा घालणं कुठल्याच सरकारला जमणार नाही, म्हणून नळ जिथे एक आहे तिथे पकडतात. ते सोयीचं आहे ह्यात वाद नाही. कायद्यात बसतं की नाही हा प्रश्न मात्र पहिल्या निकालाने तसाच बाजूला ठेवला.

"आठ लाख?" अण्णा एकदम सावध झाले. "एका कंपनीचे? किती जुनी आहे?"

हे मला माहीत होतं आणि मी बोलायची संधी सोडली नाही. नॉर्थवेस्ट नॅचरलची मूळ कंपनी जानेवारी १८५९ ची, पोर्टलंड गॅस लाइट. ओरेगन राज्य झालं १४ फेब्रुवारी १८५९ ला. म्हणजे कंपनी राज्यापेक्षा महिनाभराने थोरली. तेव्हा कोळशापासून गॅस बनवून रस्त्यावरचे दिवे लावायचे. पाइपने नैसर्गिक वायू आला तो १९५६ मध्ये.

"थोरली आहे, म्हणून ऐकत नाही," अण्णा म्हणाले.

आता शेठने खिशातून पेन काढलं. "खर्चाचं बोलू या. भावना सोडा. एका टनाला किती?"

नियमात एक वाट अशी आहे की कंपनीला मर्यादा पाळता आली नाही, तर काही भाग पैसे देऊन भागवता येतो. ते पैसे कम्युनिटी क्लायमेट इन्व्हेस्टमेंट म्हणून लोकांच्या घरांच्या डागडुजीला, हीट पंपांना, अशा कामांना जायचे. जुन्या कार्यक्रमात सुरुवातीचा भाव टनाला १०७ डॉलर होता, नव्यात १२९. पहिल्या टप्प्यात जबाबदारीच्या १५ टक्क्यांपर्यंतच ही वाट वापरता येते, पुढे २० टक्क्यांपर्यंत. बाकीचे परवाने फुकट मिळतात, वॉशिंग्टनसारखा लिलाव नाही.

कॉफीच्या रुमालावर हिशोब झाला. एक थर्म (बिलात गॅस मोजायचं एकक) गॅस जाळला की ५.३ किलो कार्बन डायऑक्साइड. समजा एका घराला वर्षाला ६०० थर्म लागले: ३,१८० किलो, म्हणजे ३.२ टनाच्या आसपास. सगळ्याचे पैसे भरायचे म्हटले तर ४१० डॉलर. पण १५ टक्क्यांचेच भरता येतात: साडेएकसष्ट डॉलर वर्षाला. महिन्याला पाच.

"पाच डॉलर!" ताईने हात पसरले. "ह्याच्यासाठी तीन कंपन्या कोर्टात?"

"थांब, थांब," शेठ म्हणाला, आणि इथे त्याने खरंच अभ्यास केला होता. "ही आजची गोष्ट. २०३५ ला निम्मं कापायचंय. वीस टक्के पैसे देऊन भागवलं, तरी उरलेले तीस? ते कुठून आणणार? कचरा डेपोतून, गोठ्यातल्या शेणातून काढलेला गॅस. २०१९ च्या कायद्याने तो विकत घ्यायची मुभा दिलीय कंपन्यांना, पण त्याचा भाव साध्या गॅसच्या कित्येक पट. पाच डॉलर म्हणजे नुसता दरवाज्याचा कडीकोयंडा आहे. घर आत आहे."

"किंवा कमी गॅस जाळायचा," ताई म्हणाली.

"आणि वीज काय झाडाला लागते? विजेचे दर बघतेस का तू? हिल्सबरोत रोज एक डेटा सेंटर उभं राहतंय."

वकिलाने सांगितलं की वीज कंपन्यांना वेगळा कायदा आहे, २०३० पर्यंत ८० टक्के कपात, २०४० पर्यंत शंभर. शेठने "बघू" म्हटलं. ते "बघू" आम्हा सगळ्यांचंच होतं.

अण्णा रुमाल हातात घेऊन बसले होते. "मला एक कळत नाही," ते म्हणाले. जुन्या इंजिनियरने असं म्हटलं की समजावं, त्याला कळलंय. "हा जो खर्च आहे, टनाचा, शेणाच्या गॅसचा, तो कंपनी स्वतःच्या खिशातून देणार की बिलात लावणार?"

"बिलात. दर ठरवणारा राज्याचा आयोग मान्यता देईल त्याप्रमाणे," वकील म्हणाला.

"मग कंपनीला काय दुखतंय? आमच्या धंद्याचं गणित मी तुम्हाला सांगतो, ते सगळीकडे सारखंच असतं. गॅस असो, वीज असो, मालावर कंपनी कमवत नाही. माल ज्या भावाने घेतला त्या भावाने विकायचा. कमाई असते जमिनीत पुरलेल्या लोखंडावर. पाइप टाकला, त्यावर आयोग ठरवेल तेवढा परतावा."

"इथे भागभांडवलावर नऊ टक्क्यांच्या वर," वकील म्हणाला.

"बघा. म्हणजे गॅस महागला तर कंपनीचं थेट फारसं काही जात नाही. पण गॅस महागला म्हणून माणसं कनेक्शन तोडायला लागली, नवी घरं पाइप नको म्हणायला लागली, की पुढचं लोखंड पुरायला कारण उरत नाही. आणि आधी पुरलेल्याचे पैसे? ते उरलेल्या मीटरांत वाटायचे. दहा गेले की नव्वदांवर बोजा. मग त्यातले अजून दहा जातात."

"म्हणजे ताईचं बरोबर," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाच्या नावाने स्वतःची केस."

"असं नको म्हणू. बोजा खरा आहे की. शेवटी उरेल त्याच्या छाताडावर बसणार तो. कंपनी गिऱ्हाइकाचं नाव घेते ते खोटं नाही. पण गिऱ्हाईक एक नाही, दोन आहेत. एक उठून जाऊ शकतो आणि दुसरा जाऊ शकत नाही. कंपनी कुणाच्या वतीने बोलते ते विचारा."

हे मला घरी गेल्यावरही पुरलं. ओरेगनमधल्याच यूजीनचं उदाहरण वकिलाने लगेच दिलं: त्या शहराने २०२३ च्या फेब्रुवारीत नव्या छोट्या घरांना गॅसजोडणी नको असा ठराव केला. गॅस कंपनीच्या पैशावर सह्यांची मोहीम झाली, त्यातच कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची तशीच बंदी केंद्रीय अपील कोर्टाने मोडली, आणि जुलैत यूजीनने ठराव मागे घेतला. तिथे टनाचा भाव नव्हता, पाच डॉलरही नव्हते. फक्त नवा पाइप नको एवढंच होतं. तरी केवढी धावपळ. अण्णांचं लोखंडाचं गणित तिथे चपखल बसतं.

"आणि माल्टनोमा काउंटी?" ताई म्हणाली. पोर्टलंड ज्यात येतं त्या ह्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, त्या २०२१ च्या उन्हाळ्याबद्दल तेल कंपन्यांवर ५१ अब्ज डॉलरच्या वर दावा ठोकलाय, २०२४ च्या ऑक्टोबरात त्यात नॉर्थवेस्ट नॅचरललाही ओढलं. "इकडे वादी, तिकडे प्रतिवादी. वकिलांची चंगळ."

"माझ्याकडे का बघतेस?" वकील म्हणाला.

शेठचं लक्ष नव्हतं. त्याने रुमाल अण्णांच्या हातातून घेतला होता आणि साडेएकसष्टपुढे काहीतरी लिहीत होता. मग त्याने तो सगळ्यांना दाखवला. "हे बघा. माझ्यासारख्याचं काय ते. दोन घरं म्हणजे एकशे तेवीस. आणि हे पहिल्या टप्प्याचं. पुढे किती पट ते तुम्हीच धरा."

अण्णांनी चष्मा वर केला. "दोनाने का गुणलंस?"

"दोन घरं आहेत ना, अण्णा."

"हो, पण गॅसचं बिल कुणाच्या नावावर येतं?"

शेठने थर्मासचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. मी भाडेकरू आहे, शेठचा नव्हे, पण कुणाचातरी आहेच. आमच्या माळ्यावर घर गरम करायची गॅसची भट्टी आहे. ती कुठली असावी हे मला कधी कुणी विचारलेलं नाही. बिल मात्र माझ्या नावावर येतं.

"भाडेकरूंच्या," शेठ म्हणाला.

"आणि भट्टी बदलायची की नाही ते?"

हिल्सबरोची मॅक्स आली. अण्णांना तीच पकडायची होती, मुलगा स्टेशनावर घ्यायला येणार होता. ते उठले, ताईने त्यांची छत्री दिली. शेठ रुमालाची घडी घालत म्हणाला, "अण्णा, पुढच्या शुक्रवारी या, तुमच्या ह्या हिशोबात एक चूक आहे, मी दाखवतो."

"या म्हणजे येणारच," अण्णा दारातून म्हणाले. "तोवर त्या दोघांना फोन करून त्यांचे थर्म किती ते विचारून ठेव. सहाशे आपण अंदाजाने धरलेत."